कॉलेजच्या ऑनलाइन वर्गातला बदल आधी सरांना कळायला हवा, नाहीतर भुर्दंड पोरांना

तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांचा बराचसा अभ्यास आता मोबाइलवर येऊन बसला आहे. नोट्स मोबाइलवर, असाइनमेंट मोबाइलवर, चाचणी मोबाइलवर आणि क्रेडिटची नोंदसुद्धा मोबाइलवर. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याला लर्निंग प्लॅटफॉर्म म्हणतात. या प्लॅटफॉर्मवर सतत काही ना काही बदलत असतं. कधी मुदत बदलते, कधी बटण दुसरीकडं जातं, कधी मोफत असलेली सोय बंद होते, कधी दुरुस्तीसाठी पूर्ण पोर्टलच रात्रभर बंद राहतं.

हा बदल शिकवणाऱ्या प्राध्यापकाला वेळेत कळला तर तो मुदत वाढवतो, वर्गात सांगतो आणि विषय मिटतो. कळला नाही तर पोरगा रात्री अकरा वाजता गच्चीवर रेंज शोधत बसतो आणि पोर्टल उघडतच नाही. शहरातलं पोरगं दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन विचारू शकतं. वाडी-वस्तीवरच्या पोराची एक एसटी चुकली की तो दिवस गेला. पाटाला पाणी सुटलं, पण पाळी कधी आहे हेच शेतकऱ्याला कळलं नाही तर जसं होतं, तशातला हा प्रकार.

त्यामुळे प्राध्यापकांना प्लॅटफॉर्मची माहिती कोण देतं, कशी देतं, ती कुठं अडकते आणि विद्यार्थी-पालकांनी काय विचारावं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

लर्निंग प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय?

व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे लर्निंग प्लॅटफॉर्म नाही. ग्रुपवर फाइल पाठवता येते, पण कोणी असाइनमेंट दिली, किती वाजता दिली, किती मार्क पडले याची नोंद तिथं राहत नाही. ही नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे प्लॅटफॉर्म. आपल्याकडच्या कॉलेजांत साधारण तीन प्रकार दिसतात.

मूडल : हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते बनवलं आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली आली. त्यांचं स्वतःचं लहानपण तिथल्या वाळवंटी, दुर्गम भागात गेलं आणि शाळेचे धडे त्यांनी रेडिओवरून घेतले होते. मूडल कॉलेज आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतं. त्यामुळे प्रत्येक कॉलेजचं मूडल थोडं वेगळं दिसतं.

गुगल क्लासरूम : २०१४ पासून सुरू आहे. लॉकडाउनच्या काळात बहुतेकांना ते माहीत झालं. कॉलेजच्या नावाच्या ईमेलवरही चालतं आणि साध्या जीमेलवरही चालतं. या दोन्हींत फरक आहे, तो पुढे येईल.

स्वयम : केंद्र सरकारचं पोर्टल. ९ जुलै २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. इथला कोर्स दुसऱ्याच संस्थेचा प्राध्यापक शिकवतो, पण मार्क आपल्या कॉलेजात जमा होऊ शकतात. प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा.

माहिती अडकते कुठं?

प्लॅटफॉर्मच्या कारभारात तीन माणसं असतात. पहिला अॅडमिन, म्हणजे ज्याच्याकडे सगळ्या चाव्या असतात. लहान कॉलेजात हे काम संगणक विषयाचे सर, ऑफिसमधला क्लार्क किंवा बाहेरचा ठेकेदार पाहतो. दुसरा प्राध्यापक, जो आपल्या विषयाचा वर्ग चालवतो. तिसरा विद्यार्थी.

कंपनीकडून किंवा पोर्टलकडून येणारं महत्त्वाचं पत्र बहुतेक वेळा फक्त अॅडमिनला येतं. प्राध्यापकांना ते थेट येत नाही. अॅडमिनने ते वाचलं, समजून घेतलं आणि पुढं पाठवलं तरच साखळी पूर्ण होते. अॅडमिन रजेवर असेल, ठेका बदलला असेल किंवा पत्र इंग्रजीत चार पानांचं असेल तर ते तिथंच राहतं.

याचं खरं उदाहरण गुगलचं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवण बंद होणार. जुन्या संस्थांसाठी जुलै २०२२ पासून पूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट एवढी मर्यादा आली. एका लहान कॉलेजला ही जागा कमी नाही. पण एकाच खात्यावर संस्थेची अनेक कॉलेजं असतील आणि लॉकडाउनमधले तासन्‌तासांचे व्हिडिओ तसेच पडून असतील तर अॅडमिनला प्रत्येकाची मर्यादा ठरवावी लागते. ती ठरवली आणि प्राध्यापकांना सांगितलं नाही, तर सरांची फाइल चढत नाही आणि सर म्हणतात, “आज नेट स्लो आहे.”

ऑनलाइन तासाच्या रेकॉर्डिंगचंही तसंच झालं. लॉकडाउनच्या काळात गुगल मीटवर रेकॉर्डिंग सगळ्या संस्थांना करता येत होतं. नंतर मोफत आवृत्तीतून ती सोय गेली. ज्यांच्याकडे दिवसा नेट नसतं आणि जे रात्री रेकॉर्डिंग पाहतात, त्यांच्यासाठी हा बदल मोठा होता. अशा वेळी प्राध्यापकाला आधी कळलं तर तो दुसरा मार्ग काढतो. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढतो किंवा लेखी टिपण देतो.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची वेगळी अडचण

राज्यातल्या अनेक कॉलेजांत बरेच विषय तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी प्राध्यापक शिकवतात. त्यांची नेमणूक अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होते. सत्राच्या सुरुवातीला प्लॅटफॉर्मचं प्रशिक्षण झालेलं असतं, तेव्हा ते कॉलेजात नसतात. कॉलेजच्या नावाचा ईमेल त्यांना लगेच मिळत नाही. स्टाफच्या ग्रुपवर नंबर टाकायचा राहून जातो. मग ते स्वतःच्या जीमेलवर वर्ग सुरू करतात.

इथं धोका असा, की वैयक्तिक जीमेलवरच्या वर्गावर कॉलेजचा ताबा नसतो. नेमणूक संपून सर गेले की नोट्स आणि मार्कांची नोंद त्यांच्याच खात्यात राहते. कॉलेजच्या ईमेलवर वर्ग असेल तरी काळजी लागते. सर गेल्यावर अॅडमिनने खातं काढून टाकलं तर त्यांच्या ड्राइव्हमधल्या फाइलीही जातात. काढलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं, त्यानंतर नाही. म्हणून खातं बंद करण्याआधी वर्गाची मालकी आणि फाइली दुसऱ्या प्राध्यापकाच्या नावावर करायच्या असतात.

ज्या कॉलेजला प्राध्यापकांना माहिती द्यायची व्यवस्था नीट लावायची आहे, त्यांनी सुरुवात इथूनच करावी. नेमणूकपत्रासोबत त्याच दिवशी ईमेल, प्लॅटफॉर्मचं खातं आणि ग्रुपमध्ये नोंद.

एक सेटिंग, आणि पोराचे मार्क

प्लॅटफॉर्मवरची काही बटणं फक्त प्राध्यापकाच्या हातात असतात. ती माहीत असणं-नसणं यावर गावाकडच्या विद्यार्थ्याचं बरंच अवलंबून असतं. मूडलमधली ही चार उदाहरणं पाहा.

१) मुदत दोन प्रकारची असते. ‘ड्यू डेट’ म्हणजे देण्याची तारीख. ती उलटली तरी असाइनमेंट घेतली जाते, फक्त ‘उशिरा’ असा शेरा पडतो. ‘कट-ऑफ डेट’ म्हणजे दार बंद होण्याची तारीख. त्यानंतर पोर्टल काहीच घेत नाही. दोन्ही तारखा एकच ठेवल्या तर वीज गेली, नेट गेलं, कशालाही माफी नाही. दोन्हींत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवलं तर शिस्तही राहते आणि अडचणीत असलेलं पोरगंही वाचतं.

२) एकट्याला मुदतवाढ देता येते. सगळ्या वर्गाची तारीख न बदलता एका विद्यार्थ्यापुरती मुदत वाढवण्याची सोय मूडलमध्ये आहे. “सिस्टीम घेत नाही, माझ्या हातात काही नाही” हे उत्तर म्हणूनच दरवेळी खरं नसतं. बऱ्याचदा सरांना ही सोय कोणी दाखवलेलीच नसते.

३) नेट नसताना चाचणी. मूडलच्या मोबाइल अॅपमध्ये चाचणी आधी डाउनलोड करून नेटशिवाय सोडवता येते. रेंजमध्ये आल्यावर उत्तरं आपोआप जमा होतात. पण त्यासाठी कॉलेजने अॅपची सोय चालू केलेली असावी लागते आणि प्राध्यापकाने त्या चाचणीला ‘ऑफलाइन’ची परवानगी द्यावी लागते. चाचणीला वेळेची मर्यादा, म्हणजे ‘तीस मिनिटांत सोडवा’ अशी अट असेल तर ही सोय चालत नाही. उत्तर बरोबर की चूक हे लगेच दाखवणाऱ्या चाचणीलाही चालत नाही. घरच्या सरावासाठी दिलेल्या चाचणीला घड्याळ लावायची खरोखर गरज आहे का, हा विचार प्राध्यापकाने करायचा. पण त्याला हे माहीत असेल तरच तो विचार करणार.

४) मधेच नेट गेलं तर. ब्राउजरवर चाचणी देताना मूडल उत्तरं ठरावीक वेळाने आपोआप जपून ठेवतं. वेळ शिल्लक असेल तर परत लॉगिन करून पुढं सोडवता येतं. मात्र घड्याळ थांबत नाही. हे पोरांना आधी सांगितलेलं असलं तर ती घाबरून मोबाइल बंद करून बसत नाहीत.

गुगल क्लासरूममध्येही उशिरा आलेलं काम घ्यायचं की मुदतीनंतर बंद करायचं हे प्राध्यापकाला ठरवता येतं. म्हणजे प्लॅटफॉर्म कोणताही असो, यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याला किती माहिती आहे हे महत्त्वाचं.

स्वयमच्या कोर्समध्ये तर तारखाच सगळं ठरवतात

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. क्रेडिटची भाषा तेव्हापासून घराघरात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रात अभ्यासक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात. आधी, २०१६ च्या नियमात ही मर्यादा २० टक्के होती. पण कोणता कोर्स धरायचा हे विद्यापीठ किंवा कॉलेज ठरवतं. मनाने कोर्स केला आणि कॉलेजने तो धरला नाही, तर प्रमाणपत्र मिळतं, क्रेडिट मिळत नाही.

स्वयमवर आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे जे कोर्स येतात ते एनपीटीईएल या नावाने चालतात. एनपीटीईएलने कॉलेजांसाठी ‘लोकल चॅप्टर’ची पद्धत ठेवली आहे. कॉलेज लोकल चॅप्टर झालं की प्राचार्य एका प्राध्यापकाची नेमणूक करतात. त्यांना एसपीओसी म्हणतात, म्हणजे माहितीसाठीचा एकच ठरलेला माणूस. नवे कोर्स, नोंदणीच्या तारखा, परीक्षेच्या सूचना त्यांच्याकडे येतात. विद्यार्थ्याने नोंदणी करताना यादीतून आपलं कॉलेज निवडलं तरच तो आपल्या कॉलेजच्या यादीत दिसतो. ही एक टिचकी राहिली तर सरांना पत्ताच लागत नाही की आपल्या पोराने कोर्स घेतला आहे.

एसपीओसी पद्धत चांगली आहे, पण माहिती त्या एका माणसापाशी थांबली तर उपयोग नाही. मराठी, इतिहास, वाणिज्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांपर्यंत ती गेली पाहिजे, कारण पोरं आपल्या विषयाच्या सरांनाच विचारतात.

सगळ्यात जास्त फसगत कुठं होते, तर नोंदणीत. कोर्सला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं वेगळं. कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याची शेवटची तारीख कोर्स चालू असतानाच येऊन जाते. बारा आठवडे अभ्यास केला आणि फॉर्मच भरला नाही, असं होऊ शकतं. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते, घरी बसून नाही. म्हणून जवळचं केंद्र कोणतं, हेही फॉर्म भरतानाच बघायचं.

एनपीटीईएलच्या मार्कांचा हिशोबही समजून घ्या. १०० पैकी २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. समजा असाइनमेंटमध्ये २० आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ४८ होते, तरीही पास नाही, कारण परीक्षेचे ३० झाले नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ८ पैकी ६ आणि चार आठवड्यांच्या कोर्समध्ये ४ पैकी ३. म्हणजे सुरुवातीला एखादा आठवडा हुकला म्हणून कोर्स सोडून द्यायचं कारण नाही. हे सरांनी वर्गात एकदा सांगितलं तरी बरीच पोरं टिकतात. इतर संस्थांच्या कोर्सचे नियम वेगळे असतात, ते त्या कोर्सच्या पहिल्या पानावर दिलेले असतात.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. स्वयमचा कोर्स क्रेडिटसाठी घेतला असेल तर मार्गदर्शनासाठी एक समन्वयक नेमणं आणि संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची सोय मोफत करून देणं हे आयोगाच्या नियमानुसार कॉलेजचं काम आहे. घरी नेट नाही म्हणून पोरगं कॉलेजच्या संगणक कक्षात बसायला मागत असेल तर ती मेहेरबानी नाही.

क्रेडिट बँकेचं खातं

मिळवलेली क्रेडिट जमा होतात अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे एबीसीमध्ये. ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याचं खातं डिजिलॉकरवरून निघतं आणि त्याला १२ अंकी क्रमांक मिळतो. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. विद्यार्थी स्वतः क्रेडिट भरू शकत नाही. ती संस्थाच भरते. म्हणून खातं काढलं म्हणजे काम झालं असं नाही. तो क्रमांक कॉलेजात दिला का आणि त्यावर नोंद झाली का, हे सत्र संपल्यावर डिजिलॉकर उघडून बघावं. आधार कार्डवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव यात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

कॉलेजने प्राध्यापकांना माहिती कशी द्यावी?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. शिस्त लागते.

एकच ठरलेली जागा ठेवा. मूडल असेल तर सगळ्या प्राध्यापकांचा मिळून एक वेगळा कोर्स तयार करता येतो. त्यात ‘अनाउन्समेंट’ नावाची जागा असते. तिथं ठरलेली माणसंच लिहू शकतात आणि कोर्समधल्या सगळ्यांना ईमेल जातो. एक बारकी गोष्ट : नेहमीच्या सेटिंगमध्ये हा ईमेल लगेच जात नाही, चूक दुरुस्त करायला साधारण अर्धा तास दिलेला असतो. तातडीची सूचना असेल तर फोनच करावा.

व्हॉट्सअॅप चालेल, पण त्याच्याच भरवशावर नको. सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली सूचना गाडली जाते. ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला मेसेज तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. नव्याने आलेल्या प्राध्यापकाने नंबर सेव्ह केलेला नसतो, म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच मेसेज जात नाही.

स्टाफरूममध्ये कागद लावा. आजही सगळ्यात जास्त वाचला जाणारा फलक तोच आहे.

बदलाआधी सांगा, बदलानंतर नाही. मोठी दुरुस्ती सत्र संपल्यावर किंवा सुट्टीत ठेवावी. परीक्षेच्या आठवड्यात नको. मूडलच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात. आली की लगेच घातलीच पाहिजे असं नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या टाळू नयेत.

सूचना अशी लिहा की काय करायचं ते कळेल. “सर्व्हर अपग्रेडमुळे सेवा काही काळ विस्कळीत राहील, नोंद घ्यावी” या सूचनेतून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा असं लिहावं :

“शनिवारी रात्री ९ ते रविवारी सकाळी ६ पर्यंत कॉलेजचं पोर्टल बंद राहील. या वेळेत कुणीही असाइनमेंटची मुदत ठेवू नये. आधीच ठेवली असेल तर शुक्रवारपर्यंत ती बदलून सोमवार रात्रीची करावी. विद्यार्थ्यांना वर्गात सांगावं. अडचण आल्यास संगणक विभागात भेटावं.”

काय होणार, कधी होणार, कुणाला फरक पडणार, काय करायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं, एवढ्या पाच गोष्टी सूचनेत असल्या की पुरे.

उलटी वाटही ठेवा. पोरांना काय अडचण येते हे आधी प्राध्यापकाला कळतं. अमुक फाइल मोबाइलवर उघडत नाही, व्हिडिओ फार जड आहे, हे अॅडमिनपर्यंत पोहोचायला हवं. महिन्यातून एकदा अर्धा तास बसलं तरी चालतं.

खोट्या सूचनांपासून सावध

सूचना येण्याची जागा ठरलेली नसली की फसवणूक सोपी होते. “तुमचं पोर्टलचं खातं आज बंद होणार, खालच्या लिंकवर पासवर्ड टाका” असा मेसेज प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाही येऊ शकतो. कोणतंही कॉलेज, विद्यापीठ किंवा स्वयम फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही. परीक्षेची फी नेहमी मूळ पोर्टल उघडूनच भरा, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

विद्यार्थ्यांनी विचारायचे प्रश्न

सत्र सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत विषयाच्या सरांना किंवा मॅडमना हे विचारून वहीत लिहून ठेवा :

- या विषयाचा वर्ग कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे? लॉगिन कोण देणार?
- मुदत उलटल्यावर असाइनमेंट घेतली जाते का? किती दिवस?
- पोर्टल बंद पडलं तर कुणाला आणि कसं कळवायचं?
- नोट्स डाउनलोड करून नेटशिवाय वाचता येतील का?
- स्वयमचा कोर्स असेल तर तो कॉलेजने मान्य केला आहे का? परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा? समन्वयक कोण?
- एबीसीचा क्रमांक कुठं जमा करायचा?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोर्टल बंद होतं म्हणून असाइनमेंट राहिली. काय करावं?*
तेव्हाच मोबाइलचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. काम तयार असेल तर ते त्याच वेळी सरांना ईमेलवर पाठवा, म्हणजे काम वेळेत झालं होतं याचा पुरावा राहतो. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या.

*सर ऐकतच नाहीत, मग?*
विभागप्रमुख, मग प्राचार्य. तिथंही झालं नाही तर प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२३ चा नियम आहे. समितीने तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. मात्र सरांशी भांडायच्या आधी एवढं विचारा, की त्यांना तरी बदल कळवला होता का. कित्येकदा तेही तुमच्यासारखेच अंधारात असतात.

*घरी स्मार्टफोन एकच आहे आणि तो वडील शेतात घेऊन जातात.*
हे सरांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मुदत रात्रीची ठेवायची की दुपारची, चाचणीला घड्याळ लावायचं की नाही, हे सरांना अशा माहितीवरूनच ठरवता येतं.

*नेट अजिबात चालत नाही, मग स्वयमचं काय?*
स्वयमप्रभा नावाच्या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आहेत. त्या डीडी फ्री डिशवर मोफत दिसतात. तिथं तास पाहता येतो, पण असाइनमेंट आणि फॉर्मसाठी मात्र नेट लागतंच. ते काम आठवड्यातून एकदा कॉलेजच्या संगणक कक्षात उरकता येतं.

*पालकांना यातलं काही कळत नाही. त्यांनी काय करावं?*
दोन तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून घ्या. एक परीक्षेच्या फॉर्मची आणि दुसरी शेवटच्या असाइनमेंटची. पालक सभेला गेलात तर एवढंच विचारा, “पोर्टलमध्ये काही बदललं तर ते सरांना कोण सांगतं?” त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर कॉलेजच्या फलकावर लावायला सांगा.